उदरभित्तीतील मज्जातंतुरोध : प्रयोजन आणि प्रमाण

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात वेदनाहरणाचे प्रकरण सामान्यतः १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे झालेल्या ईथरच्या प्रयोगापासून आरंभिले जाते, आणि रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर असेपर्यंत चालवून तेथेच संपविले जाते. रोगी शुद्धीवर आल्यानंतरचे दोन-तीन दिवस, म्हणजे ज्या दिवसांत त्याला खोकवत नाही, दीर्घ श्वास घेववत नाही आणि कुशीवर वळवत नाही, ते इतिहासकारांच्या नजरेतून बहुधा निसटतात. उदराच्या शस्त्रक्रियेत तर हेच दिवस कसोटीचे असतात. पोटाची भिंत श्वासाबरोबर हालणारी भिंत आहे. तिला छेद दिला की प्रत्येक श्वास जखमेवर ओढ आणतो. रोगी उथळ श्वास घेऊ लागतो आणि फुप्फुसाच्या तळाशी कफ साचून न्यूमोनियाला वाट मिळते.

ह्या दिवसांतील वेदना शमविण्यासाठी उदरभित्तीत जाणाऱ्या मज्जातंतूंभोवती बधिरक औषध सोडावयाचे, आणि सुईचे टोक नेमके कोठे आहे हे श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने, म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर, पाहत सोडावयाचे, ही पद्धत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाली. तिचा वृत्तांत बहुधा अंधारावर प्रकाशाने मिळविलेल्या विजयाचा म्हणून सांगितला जातो. मूळ निबंध क्रमाने वाचीत गेल्यास मात्र निराळ्या दोन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. एक, की ही सुई नवी नसून तिचे प्रयोजन नवे आहे. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, की पडद्यावरील चित्राने पूर्वीचे ज्ञान पूर्ण केले असे नसून ते ज्ञान कशावर उभे होते हा प्रश्नच उघड्यावर आणला.

उदरभित्तीची रचना येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पोटाच्या बाजूस तीन रुंद स्नायू एकावर एक पसरलेले असतात : बाह्य तिरकस, अंतः-तिरकस आणि सर्वांत आत आडवा स्नायू. छातीच्या खालच्या सहा मज्जातंतूंच्या आणि कमरेच्या पहिल्या मज्जातंतूच्या शाखा पाठीकडून पुढे येताना अंतः-तिरकस व आडवा ह्या दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून प्रवास करतात आणि वाटेत त्वचेला, स्नायूंना व उदराच्या आतील अस्तराला संवेदना पुरवितात. ह्या फटीत औषध पसरले तर भिंत बधिर होते. आतडी, जठर, गर्भाशय ह्यांची वेदना मात्र ह्या वाटेने जात नाही. ती स्वायत्त मज्जासंस्थेच्या मार्गाने मेरुरज्जूकडे पोचते. हा भेद उप्साला येथील शस्त्रवैद्य लेनांडर ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, केवळ भिंत बधिर करून केलेल्या शस्त्रक्रियांत, प्रत्यक्ष पाहिला होता. आतडे कापले किंवा डागले तरी रोग्यास कळत नसे. पण उदराच्या अस्तरास धक्का लागताच तो कण्हत असे. पुढील शंभर वर्षांच्या लेखनात हा भेद अनेकदा विसरला गेला आहे.

स्थानिक बधिरीकरणाचा आरंभ व्हिएन्नाचा होय. कार्ल कोलर ह्या तरुण डॉक्टरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून तो बधिर होतो हे दाखविले. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला, कारण प्रवासाचा खर्च कोलरला परवडण्यासारखा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये हाल्स्टेड व त्याचे सहकारी ह्यांनी लागलीच मज्जातंतूंच्या भोवती कोकेन टोचण्याचे प्रयोग स्वतःवर व एकमेकांवर केले, आणि त्याची किंमत हाल्स्टेडने व्यसनाच्या रूपाने दिली. त्याच हाल्स्टेडच्या हाताखाली बाल्टिमोरला काम करणाऱ्या हार्वे कुशिंगने १९०० साली अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेवर एक निबंध प्रसिद्ध केला. जांघेतील मज्जातंतूंचा मार्ग त्यात काळजीपूर्वक रेखाटलेला आहे, आणि ते मज्जातंतू उघडे करून, डोळ्यांनी पाहून, त्यांत कोकेन सोडण्याची पद्धत सांगितली आहे. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेमुळे जगप्रसिद्ध झालेल्या ह्या लेखकाचा हा लहानसा निबंध उदरभित्तीच्या मज्जातंतुरोधाचा आद्य दस्तऐवज मानण्यास हरकत नाही. दर्शनाची अपेक्षा ह्या शास्त्रात आरंभापासूनच होती. मध्यंतरीच्या काळात ती सोडून दिली गेली, एवढेच.

कुशिंगचे प्रयोजन मात्र शस्त्रक्रियेपुरतेच होते. अशक्त व वृद्ध रोग्यांना ईथरचा धोका टाळून शस्त्रक्रिया करता यावी, हा त्याचा हेतू. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा विचार प्रथम तत्त्व म्हणून मांडला तो क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल ह्यांनी. क्राइल ह्यांचे म्हणणे असे की, ईथरने रोग्याची जाणीव नाहीशी होते, पण जखमेकडून मेंदूकडे जाणारे आवेग थांबत नाहीत. मेंदू निद्रिस्त असतानाही त्या माऱ्याखाली थकत राहतो. म्हणून रोगी बेशुद्ध असला तरी छेदाच्या पुढे पुढे प्रत्येक थर प्रोकेनने बधिर करीत जावे. १९१३ साली त्यांनी ही उपपत्ती विस्ताराने मांडली. विशेष म्हणजे एवढ्यावर न थांबता, जखम शिवण्यापूर्वी ते तिच्यापासून काही अंतरावर क्विनाइन व युरिया ह्यांचा संयुक्त क्षार टोचीत, कारण त्याचा बधिर करण्याचा परिणाम काही दिवस टिकत असे. त्या औषधाने ऊतींना सूज येई व जखम भरण्यास विलंब लागे, त्यामुळे ते मागे पडले. क्राइल ह्यांची आघाताविषयीची उपपत्तीही टिकली नाही. परंतु भूल दिलेल्या माणसाचा मज्जारज्जू जखमेची नोंद घेतच असतो, हा त्यांचा मूळ विचार क्लिफर्ड वुल्फ ह्यांच्या १९८३ च्या प्रयोगांनी आणि पॅट्रिक वॉल ह्यांच्या १९८८ च्या संपादकीयाने पुन्हा प्रतिष्ठित केला. उपपत्ती चुकीची व पद्धत योग्य, असे उदाहरण वैद्यकात विरळ नाही. पण इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत ह्या पद्धतीला भरभराटीचे दिवस आले. गास्ताँ लाबा ह्यांचा प्रादेशिक बधिरीकरणावरील ग्रंथ १९२२ मध्ये निघाला व त्याने एका पिढीला शिकविले. मात्र ह्या काळात उदरभित्ती बधिर करण्याचे मुख्य कारण वेदना नव्हे. पोट ताठ राहिले तर शस्त्रवैद्याला आत हात घालता येत नाही, आणि केवळ ईथरने ते सैल करावयाचे तर रोगी मृत्यूच्या दारापर्यंत न्यावा लागतो. मज्जातंतू बधिर केले म्हणजे स्नायू आपोआप सैल पडतात. हा संदर्भ लक्षात घेतल्यावर पुढचा ऱ्हास समजतो. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे ग्रिफिथ व जॉन्सन ह्यांनी क्युरारे वापरून स्नायू शिथिल केले, आणि शस्त्रवैद्याची गरज एका शिरेतील टोचणीने भागली. उदरभित्तीचे रोध त्यानंतर मागे पडले ते निष्फळ ठरले म्हणून नव्हे, तर ज्याच्यासाठी ते दिले जात होते त्याचे काम झाले म्हणून. ज्याला त्यांची गरज होतीच तो रोगी ह्या हिशेबात धरलेला नव्हता. त्याच्यासाठी मॉर्फीन होते.

मॉर्फीन वेदना कमी करते, पण श्वासही मंद करते, आतड्यांची हालचाल थांबविते, ओकारी आणते. दुसरा मार्ग मेरुरज्जूच्या वेष्टनाबाहेर नळी ठेवून औषध देण्याचा, म्हणजे एपिड्यूरलचा. १९७० नंतर मोठ्या शस्त्रक्रियांत त्याने मानाचे स्थान मिळविले. १९९० नंतर मात्र त्याच्या मर्यादा दिसू लागल्या. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनची नवी रूपे सरसकट दिली जाऊ लागली, आणि अशा रोग्यांत मेरुरज्जूजवळ रक्तस्राव होऊन पाय लुळे पडण्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये इशारा दिला. त्याच वर्षी कोपनहेगनचे हेन्रिक केलेट ह्यांनी रोग्याला लवकर उठविणे, लवकर खाऊ घालणे आणि अनेक सौम्य उपायांनी मिळून वेदना शमविणे ह्या विचारसरणीची मांडणी केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९१५ रोग्यांवरील ऑस्ट्रेलियाप्रणीत चाचणीत एपिड्यूरलने वेदना व श्वसनाचे विकार कमी झाले, परंतु मृत्यूचे प्रमाण घटले नाही. इतका धोका पत्करून मिळणारा लाभ पुरेसा आहे काय, असा प्रश्न विचारण्यास मोकळीक झाली. विस्मृतीत गेलेल्या उदरभित्तीच्या रोधाला पुन्हा जागा मिळाली ती ह्या पोकळीत.

२००१ साली रफी ह्यांनी ‘ॲनास्थेशिया’ ह्या नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. कमरेच्या बाजूस, कटीच्या हाडाची कड, पाठीचा रुंद स्नायू आणि बाह्य तिरकस स्नायू ह्यांच्या मध्ये एक त्रिकोण असतो. अठराव्या शतकातील फ्रेंच शस्त्रवैद्य पेती ह्यांचे नाव त्याला आहे. ह्या त्रिकोणातून बोथट सुई घातली असता तिने पडदा भेदल्याचा एक हलका झटका बोटांना जाणवतो, व तेथे एकाच ठिकाणी औषध सोडल्यास ते फटीतून पसरून अनेक मज्जातंतू एकदम बधिर करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आयर्लंडमध्ये मॅक्डॉनेल, ओडॉनेल आणि सहकारी ह्यांनी ही पद्धत पुढे नेली. त्यांच्या वर्णनात झटके दोन आहेत : पहिला बाह्य तिरकस स्नायूच्या आवरणाचा, दुसरा अंतः-तिरकसाच्या. २००७ मध्ये त्यांनी ३२ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चोवीस तासांत रोध दिलेल्या रोग्यांना सरासरी २१.९ मिलिग्रॅम मॉर्फीन लागले. न दिलेल्यांना ८०.४ मिलिग्रॅम. एका साध्या सुईने मॉर्फीनची गरज सत्तर टक्क्यांहून अधिक घटते, ही वार्ता भूलतज्ज्ञांच्या जगात वेगाने पसरली ह्यात नवल नाही.

दरम्यान दुसरा एक प्रवाह स्वतंत्रपणे वाहत होता. ग्लासगोचे इयन डोनाल्ड ह्यांनी कारखान्यांत धातूंतील तडे शोधणारे ध्वनियंत्र पोटातील गाठी पाहण्यासाठी वापरले व १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये ला ग्रांज व सहकाऱ्यांनी ध्वनियंत्राने रक्तवाहिनी शोधून तिच्या अनुरोधाने हाताचे मज्जातंतू बधिर केले. मज्जातंतू दिसत मात्र नव्हते. सुई, मज्जातंतू व पसरणारे औषध ही तिन्ही पाहत रोध देण्याचे श्रेय १९९४ च्या कापराल व सहकाऱ्यांच्या निबंधाला दिले जाते. हे काम व्हिएन्नाचेच. कोलरच्या थेंबांनंतर एकशेदहा वर्षांनी. उदरभित्तीपर्यंत ही दृष्टी पोचण्यास आणखी दशक लागले. २००५ मध्ये व्हिएन्नातच विल्श्के व सहकाऱ्यांनी शंभर मुलांवरील चाचणीत दाखविले की, जांघेतील मज्जातंतू पडद्यावर पाहून रोध दिल्यास शस्त्रक्रियेच्या वेळी अधिक वेदनाशामक लागणाऱ्या मुलांचे प्रमाण २६ वरून ४ टक्क्यांवर येते, आणि औषधही कमी पुरते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे हेबर्ड व सहकारी ह्यांनी आडव्या स्नायूवरील फटीत पडद्यावर पाहत औषध सोडण्याचे तंत्र वर्णिले. पडद्यावर स्नायू काळसर व त्यांची आवरणे उजळ रेषांसारखी दिसतात. औषध योग्य जागी गेले की दोन रेषा अलग होऊन त्यांच्यामध्ये भिंगाच्या आकाराचा काळा डाग उमटतो. चुकीच्या जागी गेले की स्नायू फुगतो.

येथपर्यंतचा वृत्तांत सरळ आहे. तो वाकडा होतो तो हे नवे साधन जुन्या पद्धतीच्या तपासणीसाठी वापरले गेले तेव्हा. २००८ मध्ये व्हिएन्नाच्या वाइंट्राउड व सहकाऱ्यांनी मुलांच्या जांघेतील रोध रूढ पद्धतीने, हाताच्या अंदाजाने दिले, आणि औषध कोठे गेले एवढेच ध्वनियंत्राने पाहिले. केवळ १४ टक्के रोधांत ते मज्जातंतूंभोवती गेले होते. बाकीच्यांत ते निरनिराळ्या स्नायूंत, क्वचित त्वचेखाली व क्वचित उदराच्या पोकळीत. चुकलेल्या रोधांपैकी ४५ टक्के निष्फळ झाले. ह्या आकड्याची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे : चुकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक ‘यशस्वी’ ठरले होते.

२०१२ मध्ये आयर्लंडच्याच मॅक्डरमट व सहकाऱ्यांनी हीच तपासणी दोन झटक्यांच्या पद्धतीवर प्रौढ रोग्यांत केली. ३६ रोग्यांनंतर त्यांना चाचणी थांबवावी लागली. ७२ टोचण्यांपैकी सुई योग्य फटीत होती ती १७ वेळा, म्हणजे २३.६ टक्के, आणि १३ वेळा ती थेट उदराच्या अस्तरापाशी वा आत पोचली होती. झटके जाणवत होते. पण ते अपेक्षित थरांचेच आहेत ह्याला आधार नव्हता. प्रेतांवरील तपासणीतही पेतीच्या त्रिकोणाची जागा माणसागणिक बदलते व स्थूल व्यक्तीत तो चाचपून सापडणे कठीण, असे दिसून आले होते.

तर मग २००७ च्या चाचणीतील ते आकडे कसे समजून घ्यावयाचे? त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. ३२ रोग्यांची चाचणी लहान असते व लहान चाचणीत परिणाम फुगून दिसण्याचा संभव असतो. ती पद्धत घडविणाऱ्यांचा हात इतरांपेक्षा सरावलेला असणार, हेही खरे. पाठीकडील जागेतून सोडलेले औषध मणक्यांच्या बाजूपर्यंत पोचत असावे, असे सुचविणारी चित्रे २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवाय औषध रक्तात शोषले जाऊन सर्व शरीरावर परिणाम करते. ग्रिफिथ्स व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा रोधानंतर रक्तातील रोपिव्हाकेन मोजले तेव्हा त्याची सरासरी कमाल पातळी दर मिलिलिटरला २.५४ मायक्रोग्रॅम भरली. विषबाधेची शक्यता २.२ पासून धरली जाते. ही सर्व स्पष्टीकरणे संभाव्य आहेत. निश्चित एवढेच, की रोग्याचे दुखणे कमी झाले ह्यावरून औषध मानलेल्या जागी गेले हे सिद्ध होत नाही. परिणाम हा स्थानाचा पुरावा नव्हे. सहा-सात वर्षे सर्व संबंधितांनी तो तसा मानला होता, आणि तो तसा नाही हे ध्वनियंत्रावाचून कळले नसते.

चित्रालाही मर्यादा आहेत, व त्यांचा विसर पडण्याचा धोका आता आहे. सुई फटीत आहे हे पडदा दाखवितो. औषध किती मज्जातंतूंपर्यंत पोचले हे दाखवीत नाही. २००९ मध्ये प्रेतांवर रंगद्रव्य सोडून केलेल्या तपासणीत छातीचा अकरावा व बारावा मज्जातंतू नेहमी रंगला, दहावा निम्म्याच वेळा. बेंबीच्या वरच्या छेदासाठी हे पुरेसे नाही, म्हणून बरगड्यांखालून सुई घालण्याचा निराळा प्रकार योजावा लागला. आणि लेनांडर ह्यांचा भेद तर कोणत्याही यंत्राने पुसला जात नाही. भिंत बधिर झाली तरी आतल्या अवयवांची कळ राहते. सिझेरियननंतर मेरुद्रवात मॉर्फीन दिलेले असेल, तर ह्या रोधाने जवळजवळ काहीच भर पडत नाही, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे; मेरुद्रवातील मॉर्फीन दोन्ही प्रकारच्या वेदनेवर चालते, रोध एकाच. रफाएल ब्लांको ह्यांनी कमरेच्या चौकोनी स्नायूलगत, आणि २०१६ मध्ये फोरेरो व सहकाऱ्यांनी पाठ ताठ ठेवणाऱ्या स्नायूखाली औषध सोडण्याचे जे नवे प्रकार सांगितले, त्यांची ओढ ह्याच उणिवेकडे आहे : औषध मणक्याजवळ सोडावे म्हणजे अवयवांची वाटही अडेल. ते खरोखर तेथवर पोचते काय, ह्यावर प्रेतांवरील व जिवंत माणसांवरील निरीक्षणे एकमेकांशी जुळत नाहीत.

महाराष्ट्रात ह्या इतिहासाला एक निराळे वळण आहे. गर्भलिंग ओळखण्यास प्रतिबंध करणारा देशातील पहिला कायदा ह्या राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, व २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ होती, हे लक्षात घेता त्या कठोरपणाला दोष देता येत नाही. परंतु कायदा यंत्राकडे त्याच्या उपयोगावरून नव्हे, तर क्षमतेवरून पाहतो. मज्जातंतू पाहण्यासाठी आणलेले यंत्र गर्भही दाखवू शकते, म्हणून त्याचीही नोंदणी लागते. २०१२ च्या नियमांनी हातात नेता येणारे यंत्र नोंदलेल्या जागेतील दाखल रोग्यांपुरते व फिरत्या वैद्यकीय पथकांपुरते मर्यादित केले. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ एका दिवसात तीन-चार खाजगी रुग्णालयांत जातो. औषधे व नळ्या तो पिशवीत नेतो, यंत्र नेऊ शकत नाही. त्याच गावात मॉर्फीन मिळणेही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर दुर्घट झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचे जाळे सैल करण्याचा यत्न केला. म्हणजे मॉर्फीनला पर्याय म्हणून ज्या रोधाची खरी गरज आहे तो, जेथे मॉर्फीन दुर्मिळ तेथेच, यंत्राअभावी देता येत नाही. अशा ठिकाणी पोट शिवताना शस्त्रवैद्यच उघड्या जखमेच्या कडांत, डोळ्यांसमोर असलेल्या थरांमध्ये, ब्युपिव्हाकेन सोडतो. औषध वगळले तर ही रीत क्राइल ह्यांनी १९१३ मध्ये सांगितलेल्या रीतीहून फारशी वेगळी नाही.